एळु

चामराजपेट, बेंगळूर
२० नोव्हेंबर १९६९

चि. सौ. नीरजास,
अनुसूयाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचा खोकला उतरला असेल. इथे थंडी पडू लागली. बाजारात अवरेकाई आली आहे. शेंगा सोलायला बसले की तुझा भराभर चालणारा हात आठवतो.

रविवारी भीमसेनच्या संस्थेतले नरसिंहराव आले होते. आजारी पडण्याआधी भीमसेनने लिहिलेला तो प्रोग्रॅम, कॉम्प्युटरचा सगळा कारभार म्हणे तोच चालवणार. न पारखलेली गोष्ट खऱ्या यंत्रावर कोण घालू देईल? म्हणून नरसिंहरावांनी त्या यंत्राच्या आतच एक खोटं यंत्र उभं केलंय, नुसतं आकड्यांचं. आतलं कोसळलं तरी बाहेरच्याला धक्का नाही. पण तिथेही प्रोग्रॅम सुरू होता होता थांबायचा आणि चूक कुणाला सापडेना. ज्याने लिहिलं त्यालाच विचारू, म्हणाले.

मी म्हटलं, झटक्यापासून त्याच्या तोंडी आता एकच शब्द उरलाय.

त्यांनी उशाजवळचे त्या प्रोग्रॅमचे कागद पलंगावर पसरले. भीमसेन बराच वेळ बघत होता. मग डाव्या हाताचं बोट एका ओळीवर ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाला, "एळु."

मी उठले. तुझ्यासारखीच. पुन्हा म्हणाला तेव्हा दारापर्यंत गेले.

"अक्का, उठलात कशाला?" नरसिंहराव म्हणाले. "आकडा सांगतायत ते. सात."

कन्नडात 'ऊठ'ही एळु आणि सातही एळु, हे तुला-मला का माहीत नव्हतं? पण आपल्या घरात बोलणं मराठी, कन्नड दारावर आलेल्याशी. दुखणं काढलंस, अंग पुसलंस, आणि नवऱ्याने परकीला उठवावं तसा तो शब्द तुला लागला, आणि तू माहेरी निघून गेलीस. मी त्याची बहीण, मलाही तसाच वाटला होता. पण तो कन्नड शाळेत शिकला, आकडे मनात नेहमी कन्नडातच मोजायचा. संस्थेत सगळ्यांना ठाऊक, घरात कुणाला नाही. आठव, तू ते कागद आवरायला घ्यायचीस, तेव्हाच तो म्हणायचा ना?

त्या ओळीत सातच्या जागी एक पडला होता. सोमवारी प्रोग्रॅम चालला. नरसिंहराव मैसूरपाक घेऊन आले. भीमसेनला सांगितलं, तर त्याने नुसते डोळे मिटून घेतले.

आता जे लिहायचं ते इतका वेळ शेंगा सोलल्यासारखं लांबवत आले. मंगळवारी त्याला दुसरा झटका आला. तो एक शब्दही गेला. डोळे उघडले की तुझ्या खुर्चीकडे बघतो.

मिळेल त्या गाडीने ये. नरसिंहराव स्टेशनवर थांबतील.

त्याने तुला कधीच ऊठ म्हटलं नव्हतं, नीरजा. आता तू ये, आणि त्याला एकदा म्हण.

दाराची कडी न लावता बसलेली,
तुझी अक्का