बर्फ फुटण्याआधीची शांतता

३ फेब्रुवारी
काम मिळालं! आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रासाठी पाच मिनिटांची दणकेबाज रचना. २१ एप्रिलच्या मैफलीत सर्वांत आधी. नावही ठरलं, कारण माहितीपत्रक छपाईला जायचं होतं: ‘बर्फ फुटतं तेव्हा’. आता नावाखाली संगीत घालायचं, बस. वसंतात आमच्या सरोवराचं बर्फ कसं फुटतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पंधरा दिवसांचं काम.

बायकोला, तूइरेला, शब्द दिला: ही रचना पडली तर संगीतशाळेतली पूर्णवेळ नोकरी मुकाट्याने घेईन, पुन्हा ऑर्केस्ट्राचं नाव काढणार नाही. बेधडक दिला. पडण्याचा प्रश्नच नाही.

१९ फेब्रुवारी
आज सुरुवात करणार होतो. पेन्सिली तासल्या. मग सौनाची वाफेची खोली तापवली, कारण डोकं मोकळं असल्याशिवाय मोठी कला होत नाही. सौनात झोप लागली.

११ मार्च
ऑर्केस्ट्राच्या कचेरीतून सेय्याचा फोन. वादकांसाठी स्वरलिपीच्या प्रती कधी देताय? झाल्यातच जमा आहेत, म्हणालो. म्हणजे पहिलं मिनिट. त्यातला ट्रंपेटचा भाग माझ्याच जुन्या रचनेतला आहे. दुसऱ्याचं उचललं तर चोरी, स्वतःचं उचललं तर शैली.

२८ मार्च
चार मिनिटं तयार. शेवट अडलाय. शेवट असा घाईने होत नसतो, असं तूइरेला सांगितलं. ती म्हणाली, राइमो, शाळेची मुदत मात्र घाईनेच संपतेय, त्यांना एप्रिल संपायच्या आत उत्तर हवंय. जीभ आहे की करवत!

४ एप्रिल
सापडला! सगळा ऑर्केस्ट्रा कडाडत वर चढतो आणि एकदम थांबतो. शांतता. लांबच लांब. आणि मग बर्फ फुटतं: सगळी वाद्यं एका दमात, वर सर्वांत मोठ्या ढोलाचा एकच घाव. या पाच मिनिटांत ढोलाला दुसरं काही कामच ठेवलेलं नाही. अंगावर काटा आला. माझ्याच.

तूइरेला शेवट सांगणार नाही. ती खुर्चीतून उडाली पाहिजे.

१२ एप्रिल
ऑस्करीचा हेलसिंकीहून फोन. कधीकाळी माझा विद्यार्थी, आता मोठा वाद्यवृंद-संचालक, आमची मैफलही तोच चालवणार. म्हणतो, ती शांतता निम्मी करा, लोकांना कळणार नाही संपलं की राहिलं. मी म्हणालो, अरे, ही आपली माणसं आहेत. बसथांब्यावर दोन हात अंतर ठेवून एक अक्षर न बोलता उभी राहतात. यांना तू शांतता शिकवणार? बरं, म्हणाला. ज्या सुरात म्हणाला तो सूर मला आवडला नाही.

२० एप्रिल
तालीम. पाहुण्या पियानोवादकाने सगळा वेळ खाल्ला, माझी रचना सर्वांत शेवटी. शांततेपर्यंत झकास गेली. तेवढ्यात तालमीची ठरलेली वेळ संपली आणि त्याच शांततेत वादक उठले, व्हायोलिनं पेटीत, कोट अंगावर. नियम म्हणजे नियम. शेवट अजून कुणी वाजवलेलाच नाही!

ढोलवाला आर्मास जाताना म्हणाला, एका घावासाठी काळा कोट इस्त्री करून आणतोय, उद्या तेवढा तरी मारू द्या म्हणजे झालं. अर्थात, यामुळे ताजेपणा टिकेल.

२१ एप्रिल, संध्याकाळी
निळा टाय. गाठ तिसऱ्यांदा बांधली. टायच गुळगुळीत आहे.

२२ एप्रिल
लिहिलं पाहिजे.

चार मिनिटं अप्रतिम. कडाडत चढलं, थांबलं. शांतता. ऑस्करीचे हात वर. आर्मासचा दांडका वर. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. म्हणालो होतो ना! माझी माणसं! मी डोळे मिटून घेतले.

टाळी वाजली. माझ्या उजव्या कानाशी.

तूइरे उभी राहून टाळ्या पिटत होती. मग तिच्या मागची रांग, मग सगळा हॉल. ऑस्करी हात तसेच धरून जरा थांबला. टाळ्या थांबेनात. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वळून लोकांसमोर झुकला. आर्मासने दांडका अगदी हळू खाली ठेवला.

गाडीत तूइरेचे डोळे भरलेले. म्हणाली, कुणीच टाळ्या वाजवेना रे. तू एवढा झुरलास आणि सगळे आपले दगडासारखे बसलेले. म्हटलं, हसले लोक तर हसू देत, मी वाजवते. मग तिने विचारलं, बरोबर जागी वाजवली ना?

चारचौघांत ही बाई शिंकसुद्धा दाबते. तिच्यावर रागवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि खिशातला रुमाल काढून तिला दिला.

हो, म्हणालो. तिथेच संपतं.

२९ एप्रिल
सेय्याचा फोन. आणखी एका गावच्या ऑर्केस्ट्राला ‘बर्फ फुटतं तेव्हा’ हवंय. म्हणे, शेवट सगळ्यांना फार आवडला, वेळेवर थांबणं तुम्हाला आधी कधी जमलं नव्हतं. शाळेला ‘नोकरी नको’ असं कळवून टाकलं. शेवटची तीन पानं काढून प्रती पाठवल्या. आर्मासचं काम गेलं, पण कलेत त्याग लागतोच. मुळात माझ्या मनात असंच होतं.

सरोवराचं बर्फ काल फुटलं. तूइरे सांगत होती, केवढा तो आवाज! मी सौनात झोपलो होतो.