आईच्या गोळ्यांबद्दल

कोझिकोड,
फेब्रुवारी २००५

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. एरवी मी खोडाळ्याला तुझ्या शाळेत फोन करतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. पण हे फोनवर सांगायचा धीर होईना.

दोन आठवडे मी इथे केरळात आहे, तरुण कॅन्सर डॉक्टरांसाठीच्या एका छोट्या प्रशिक्षणाला. बरे न होणाऱ्या माणसांचं दुखणं कसं कमी करायचं, एवढंच इथे शिकवतात. पहिल्याच दिवशी आम्हाला एका म्हाताऱ्या मच्छीमाराच्या घरी नेलं. आजार मणक्यात पसरलेला. मी सवयीने रिपोर्ट मागितले, तर बरोबरच्या नर्सबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आधी त्यांना विचारा, कुठे दुखतंय." मॉर्फिनची छोटी गोळी सुरू झाली, दर चार तासांनी. चौथ्या दिवशी गेलो, तर म्हातारा भिंतीला टेकून बसलेला आणि चहात साखर कमी म्हणून बायकोशी भांडत होता. सगळे हसले. मला मात्र तिथे उभं राहवेना, मी अंगणात निघून आलो.

आपल्या आईचाही आजार मणक्यातच गेला होता. तू बिनपगारी रजा काढून तीन महिने साखरशेतला तिच्या उशाशी बसलीस. मी दिलेल्या तापाच्या साध्या गोळ्या घड्याळ बघून देत राहिलीस. एकदा जव्हारला जाऊन बूथवरून मला फोन केलास, "उमेश, आई म्हणते पाठीत कोणी कुऱ्हाड घालतंय. दुसरं काहीतरी दे रे." आणि मी म्हणालो, "ताई, या आजारात दुखणारच. तिला धीर दे." मॉर्फिन मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण द्यायची भीती वाटायची. ती भीती घालवायला हे प्रशिक्षण असतं. त्याची सूचना आई आजारी पडायच्या वर्षभर आधी आमच्या विभागात लागली होती. दोन आठवड्यांची ऑपरेशनं हातची जातील म्हणून मी अर्जच केला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दहाव्याच्या दिवशी बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू डॉक्टर, मंग ती येवढी का वरडत होती?" मी म्हणालो, ताईने गोळ्या वेळेवर दिल्या नसतील. तेव्हापासून बाबा तुझ्या दारात पाण्यालासुद्धा थांबत नाहीत, आणि गेली तीन वर्षं तू मला विचारतेस, "माझं काय चुकलं रे?" दर वेळी मी विषय बदलला. ताई, तुझं काही चुकलं नाही. गोळ्याच चुकीच्या होत्या आणि त्या मी दिल्या होत्या. पुढच्या रविवारी मी साखरशेतला जाऊन बाबांना हे तोंडावर सांगणार आहे. ते तुझ्याकडे आले तर त्यांना घरात घे. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
उमेश