थोरली डिस्क, धाकटी डिस्क

मॅडम, काल ऑफिसात वरून एक पत्र आलं आणि मला मंठ्याची ती खताच्या दुकानावरची तुमच्या कॉम्प्युटर क्लासची खोली आठवली. चार कॉम्प्युटर, आणि धूळ बसू नये म्हणून तुम्ही जुन्या साड्या फाडून शिवलेल्या त्यांच्या खोळी. पत्रात लिहिलंय की यंत्रांच्या भाषेतले 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' हे शब्द आता नकोत, लोकांना ते बोचतात, दुसरे सुचवा. मी पुण्यात कॉम्प्युटरवरच्या सूचना मराठीत आणायचं काम करते, म्हणून मराठी शब्द मला विचारले. साहेबांनी तासभर चर्चा केली. मी मनात म्हटलं, अहो, हे आमच्या मॅडमनी मंठ्यात बसून केव्हाच उरकलंय.

तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही कॉम्प्युटरचं झाकण काढलंय, आत दोन हार्ड डिस्क आहेत, आणि डाळीएवढं प्लास्टिकचं टोपण चिमट्यात धरून सांगताय की कुठली डिस्क पुढची आणि कुठली मागची ते यावरून ठरतं. पुस्तकातले इंग्रजी शब्द कुणाच्या डोक्यात शिरेनात. शेवटी तुम्ही वैतागून म्हणालात, "अरे, मास्टर म्हंजे मालक, आन् स्लेव्ह म्हंजे सालगडी. मालकानं सांगायचं, सालगड्यानं राबायचं. बस!" मग सगळ्यांना झटक्यात कळलं. आमच्याकडे त्यात न कळण्यासारखं काय आहे? पाडव्याला साल ठरतं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या घरचा. वर्गात हशा पिकला. आमच्याच गावच्या मालकाच्या पोरानं मागं वळून माझ्याकडे बघितलं, कारण माझे वडील, आमचे आबा, त्यांच्याकडे सालानं होते. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं, अक्षरसुद्धा छान काढलं.

आणि नेमके त्याच दुपारी आबा माझा डबा घेऊन आले. मालकाचा कापूस घेऊन ते मंठ्याला आले होते. धोतराला कापूस चिकटलेला, चपला जिन्याखालीच काढलेल्या. तुम्ही उठून स्वतःची खुर्ची पुढं केलीत. "या ना, बसा. कोण गं हे?" आणि मी म्हणाले, "गावाकडचे आहेत."

आबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "हाव जी, गावाकडचाच हाय मी. इकडं येतच व्हतो, मंग हिच्या मायनं डबा देला." इतकं सहज म्हणाले, की क्षणभर मलाच खरं वाटलं. खुर्चीवर ते बसले नाहीत. उघड्या कॉम्प्युटरकडे जरा वेळ बघत राहिले, आणि "शिकवा जी पोरीला," म्हणून जिना उतरून गेले. भाकरी घशाखाली उतरली नाही असं लिहायला बरं वाटेल. पण खोटं कशाला बोलू, सगळी खाल्ली.

वर्ग सुटल्यावर त्या मालकाच्या पोरानं तुम्हाला सांगितलंच, "मॅडम, तो हिचा बाप हाय, आमचा सालगडी." मी जिन्यात होते, मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी आले ती क्लासातून नाव काढून घ्यायला. पण तुम्ही आधीच फळ्यापुढं उभ्या होतात. भिंतीवरच्या तक्त्यात मास्टर आणि स्लेव्ह या शब्दांवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या होत्या, एकीवर थोरली आणि दुसरीवर धाकटी. तुम्ही म्हणालात, "काल माझं चुकलं. माझ्या माहेरी चार सालगडी व्हते, त्यांच्या हातचं खाऊन मी मोठी झाले. सालगडी गुलाम न्हाई. सगळ्यांनी वहीतली ती ओळ खोडा, माझ्यासमोर खोडा." कुणीतरी विचारलं, "परीक्षेत काय लिहायचं?" "परीक्षेत छापील लिवा. ह्या खोलीत आपलं." मागून एक मुलगी बोलली, "मंग धाकटीलाच लई काम की, मॅडम!" तुम्ही म्हणालात, "तुझ्या घरी काय येगळं हाय का?" सगळे हसले, मीही हसले. तेवढ्या वेळात तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मी उठून गेले असते आणि आज कुठं असते कोण जाणे. नाव काढायचं राहूनच गेलं.

आमच्या भागात मोठ्या माणसांनी चुकलं म्हणायची रीत नव्हती, त्यातून मास्तरांनी तर मुळीच नाही. तुमच्याएवढी धीट बाई मी पुन्हा पाहिली नाही. काल मी थोरली-धाकटी सुचवलं. साहेब म्हणाले, "छान सुचलं तुम्हाला." मी म्हटलं, माझं नाही, आमच्या मॅडमचं आहे. तुम्ही त्या आजारातून उठला असतात तर आज फोन करून सांगितलं असतं.

पण फोनवर पुढचं सांगितलं नसतं. आबा आता माझ्याकडेच असतात, बाल्कनीतल्या कुंड्यांत मिरच्या लावून दिवसभर खुरपत बसतात. तुम्ही तुमच्या शब्दाची माफी दुसऱ्याच दिवशी मागितलीत. माझ्या 'गावाकडचे आहेत'ची मी अजून मागितलेली नाही. त्यांनीही तो विषय कधी काढला नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे पत्र कुठं टाकायचं नाही की त्याचं उत्तर यायचं नाही. आबांना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांना लिहून मोकळं होता येत नाही, समोर बसून तोंडानंच सांगावं लागेल. ते चहासाठी हाक मारताहेत. जाते. पण मॅडम, आजही मी नुसता चहाच देऊन येईन.