बसतं म्हणजे चालतं नव्हे

कॅरी, अमेरिका,
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय अरुणदादा,

साष्टांग नमस्कार, आणि तोही कान धरून.

इकडे सगळे बरे. प्रल्हादचं ऑफिस पुन्हा घरूनच, त्यामुळे तुझ्या मेहुण्याचे दिवसाला सहा चहा. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल दसरा. यंदा पूजेला विळी-सुरीशेजारी खरंखुरं शस्त्र! होणाऱ्या जावयाने, वेस्लीने, शिकारीची रायफल रिकामी करून पाटावर ठेवली. तीच, खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची. तुझ्या भाचीने, अनिकाने, झेंडू वाहिला. मी आपलं सहज विचारलं, "यात कुठलीही गोळी बसते का रे?" तर पोरगा हसून म्हणतो, "बस्टं म्हंजे चाल्टं नव्हे! मामा said."

मी तबक खाली ठेवलं आणि मामा हे कधी, कशावरून म्हणाला ते त्याला विचारलं.

दादा, मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर तू हेच त्याला म्हणालास आणि मी किचनमधून तेवढंच ऐकलं. वाटलं, आमच्या घरात तो बसतो म्हणून चालतो असं नाही, असं तू त्याला सुनावतोयस. तुम्ही काडतुसांबद्दल बोलत होतात, हे मला काय ठाऊक! मग मी काय बोलले ते तुला पाठ असेल. खडकीच्या काडतूस कारखान्यात जन्म घालवलेल्या सख्ख्या भावाला मी "टोमणे मारायला आलास का" म्हटलं. तू तिकीट बदलून आठवडाभर आधी निघून गेलास, आणि मी अडवलंही नाही.

वेस्लीने पुढचं सांगितलं. गेल्या रविवारी मित्राने त्याला घरी भरलेली काडतुसं दिली. नंबर तोच, थर्टी-थर्टी, पण टोकदार. याच्या रायफलीत ती बॅरलखालच्या नळीत एकामागे एक राहतात, प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या बुडाला, नेमकं पेट घेणाऱ्या टोपीवर. एक धक्का बसला तर आतच बार! तुझं वाक्य आठवून त्याने ती परत केली. आता चपट्या नाकाचीच घेतो, आणि कुठल्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, हरणाच्या शिकारीला रायफल चालते तेही आधी बघतो.

माझ्या लेकीचा संसार तू मांडण्याआधीच वाचवलास रे. उपकार कसे मानू, आणि माफी कुठल्या तोंडाने मागू?

लग्न चौदा डिसेंबरला. अनिकाच्या पाठीशी मामा हवा. प्रल्हाद म्हणतो, शेजारचे श्रीरामभाऊ उभे राहतील. अरे, त्या जागी बसेल कोणीही. चालणार तूच.

तुझी,
अर्धं ऐकून पूर्ण भांडणारी,
शैला