भांडी वाटू नयेत, दुर्बीण घ्यावी

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल घरातल्या सगळ्यांनी मला माफ करावे. गेल्या दिवाळीतच लिहिणार होतो. पण कागद समोर घेतला की वाटायचे, आपण लिहून मोकळे व्हायचो आणि वरचा तेवढ्याचीच वाट बघत असायचा. आता सोमवारी माझे पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. त्यांना किरकोळ असेल, माझ्याकडे पोट एकच आहे.

मी, पुंजाराम रायभान मोकासे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, पूर्वी चितेगावच्या एका कारखान्यात फिटर, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी दमदाटी केलेली नाही आणि मी नशापाणी केलेले नाही. सकाळी कोरा चहा घेतला आहे, तोही दूध बंद केल्यामुळे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. मुकुंदवाडीचे दोन खोल्यांचे घर माझ्यामागे माझी पत्नी सौ. वच्छलाबाई हिचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये व तिला न विचारता मोरीची जागा बदलू नये. तिच्यानंतर मुलगा सुदर्शन आणि मुलगी सुरेखा यांना निम्मे निम्मे. सुरेखा म्हणेल, मला नको, दादाला द्या. तिचे ऐकू नये. ती लहानपणापासून असेच म्हणते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे पान्हे, कानशी, हातोड्या व लोखंडी पेटी, सुदर्शनला. तो ती वापरणार नाही हे मला माहीत आहे, पण भंगारात घालू नयेत. बारीक स्क्रू आवळायचा चाव्यांचा जुडगा मात्र माझी नात दीपमाला हिला. तिच्या रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू सगळे सारखे आवळावे लागतात, एक जास्त आणि एक कमी चालत नाही.

कलम तिसरे. माझा धाकटा भाऊ कडुबा याने घर बांधताना माझी उतार तपासायची मोठी पाणसळ नेली ती परत आणली नाही. विचारले तर म्हणाला, "दादा, ती तर तूच हरवली," आणि तेव्हापासून बोलत नाही. त्याच्या ओट्याचे पाणी आजही शेजाऱ्याच्या दारात जाते, म्हणजे नेऊनही त्याने ती वापरली नाही. पाणसळ मी त्याला या कागदाने देऊन टाकतो. त्याने आता माझ्याशी बोलायला लागावे.

कलम चौथे. हे कलम मोठे आहे व यासाठीच मी लिहायला बसलो.

दीपमाला ही सुरेखाची मुलगी, राहणार पिशोर. ती छऱ्याच्या एअर रायफलीने लांबचे निशाण मारते. तिच्या स्पर्धेत रायफल टेबलावर टेकवून पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरतात आणि रायफलीवर दुर्बीण लावलेली चालते. तिची पहिली दुर्बीण वच्छलाबाईने घरखर्चातून वाचवून घेतली. आमच्यात कोणाला वस्तू द्यायची तर तिच्यावर नाव घालून देतात, मग तांब्या असो की परात. वच्छलाबाई ती दुर्बीण घेऊन गुलमंडीवर भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे गेली. त्याने मशीन लावून नळीवर कोरले, "आजी वच्छलाबाईकडून चि. दीपमालास सप्रेम भेट." अक्षर सुबक आहे. पण मशीनच्या थरथरीने आतली भिंगे ढिली झाली. डोळा लावला की दिसणारी फुली एका छऱ्याला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे.

दीपमालाला हे पहिल्याच दिवशी कळले असणार. ती बोलली नाही. उलट फोनवर म्हणाली, "आजी, नाव लई भारी आलंय. सगळ्या पोरी वाचून बघत्यात." जिल्ह्याच्या स्पर्धेत ती खाली गेली, राज्यासाठी शेवटच्या नंबरावर कशीबशी निवडली गेली आणि आईला म्हणाली, "माझाच हात थरथरतो." सुरेखाने गुपचूप दुर्बीण दुरुस्तीला दिली तेव्हा खरे कळले. दुरुस्त होण्यासारखी नाही म्हणाले. वच्छलाबाई दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणत होती, "भांडं काय अन् दुर्बीण काय, वस्तू कोणी दिली ते कळाय नको व्हय?"

आता राज्याची स्पर्धा फेब्रुवारीत आहे. दीपमालाने रायफल चादरीत गुंडाळून कपाटावर टाकली आहे. सुरेखा सांगते, "आप्पा, ती म्हणती, आता बास. आप्पांचं ऑपरेशन असताना मी दुर्बीण मागू का?"

म्हणून लिहितो की, माझ्या वर्षश्राद्धाला माझ्या नावाची स्टीलची भांडी पाहुण्यांत वाटू नयेत. त्यासाठी पोस्टात वेगळी ठेवलेली रक्कम दीपमालाला नव्या दुर्बिणीसाठी द्यावी. पाहुण्यांकडे डबे पुष्कळ आहेत. माझ्या घरी मेहुण्याच्या नावाचे डबे आहेत, त्यांतून मी डाळ काढतो, त्याची आठवण कधी काढलेली नाही.

दुर्बीण रकमेत बसणारी घ्यावी. सुदर्शन मोबाइलवर पन्नासपट मोठे दाखवणारी बघत होता. "आप्पा, हिच्यातनं माशीचा पाय दिसतो." त्यावर दीपमाला म्हणाली होती, "मामा, मला माशी नाय मारायची." तिने मला समजावले ते असे. स्वस्तात जास्त मोठे दाखवणारी घेतली की चित्र अंधारते. शिवाय उन्हाने थरथरणारी हवा आणि आपल्या छातीचा ठोकासुद्धा मोठा दिसतो. पिशोरच्या उन्हात तर कागद उकळत्या पाण्यात पडल्यासारखा हलतो. मध्यम मोठे दाखवणारी पुरे, पण भिंग स्वच्छ हवे. वरची चकती जितकी घरे फिरवली तितकाच नेम सरकावा आणि उलटी फिरवली की जागेवर यावा. तिची रायफल स्प्रिंगची आहे. ती पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्का देते, त्यामुळे मोठ्या रायफलीची चांगली दुर्बीणही तिच्यावर खिळखिळी होते. तेव्हा स्प्रिंगच्या रायफलीवर चालते का, हे आधी विचारावे. सगळे पैसे दुर्बिणीत घालू नयेत, ती रायफलीवर घट्ट धरणाऱ्या कड्यांनाही ठेवावेत. आणि कोणीही तिच्यावर नाव घालू नये.

अशा दोनच सापडल्या आहेत. एक पुण्याच्या दुकानात, नवी, हमी लिहून देतात, पण भिंग साधारण. दुसरी नाशिकच्या एका नेमबाजाची वापरलेली, भिंग उत्तम, पण बिल नाही. दोघेही सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले आहेत. मी छताचा पंखा घ्यायला दोन उन्हाळे घालवले होते. मला हे ठरवता येत नाही.

इथवर लिहून मी शेजारचे मधुसूदनराव धारूरकर यांना वाचून दाखवले. ते कोर्टात कारकून होते.

ते म्हणाले, "पुंजारामजी, हे तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"व्हय, म्हणून तर लिहिलं."

"आणि स्पर्धा फेब्रुवारीत. म्हणजे तुम्हाला त्याआधी जावं लागेल. पोरीला सरावालाही वेळ हवा, तेव्हा जरा लवकरच निघा."

त्यांच्या पत्नी भानुमतीबाई म्हणाल्या, "अहो, माणसाचं सोमवारी ऑपरेशन आहे."

आतून वच्छलाबाई म्हणाली, "अन् ऑपरेशन नीट झालं तर? पोरीनं काय तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं?"

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. नातीला माझ्या मरणाची वाट बघायला लावणारा कागद मी स्वतःच्या हाताने लिहीत होतो, आणि तोही मायेने. मधुसूदनराव हसत होते, मला हसू आले नाही.

सबब कलम चौथ्यातील दीपमालाला रक्कम माझ्यामागे देण्याचा भाग रद्द. खाडाखोडीवर माझी सही आहे. भांडी न वाटण्याचा भाग कायम. उद्या सकाळी मी आणि वच्छलाबाई पोस्टात जाऊन ती रक्कम काढतो व सुरेखाकडे पाठवतो. मी जिवंत असताना, माझ्या खुशीने.

बाकी मृत्युपत्र वाचून, समजून सही केली आहे.

सही: पुंजाराम रायभान मोकासे

साक्षीदार: १. मधुसूदन गोविंद धारूरकर. २. सौ. भानुमती मधुसूदन धारूरकर. दोघांनी माझ्यासमोर सही केली व नंतर चहा घेतला.

स्थळ: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५, गुरुवार

ता. क. मृत्युपत्राखाली असे लिहीत नाहीत, असे मधुसूदनराव म्हणतात, पण कागद माझा आहे. या कागदाचा फोटो काढून सुदर्शन आत्ताच पिशोरला पाठवत आहे.

दीपमाला, तुझा हात थरथरत नाही. थरथरली ती मशीन. आजीला वाईट वाटू नये म्हणून तू दोष हातावर घेतलास, हे आजीला कळले आहे आणि ती तुझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे कशी ते तुला माहीत आहे. रायफल कपाटावरून खाली काढ. पुण्याची नवी की नाशिकची जुनी, ते तूच ठरव. चुकले तरी चालेल, तू स्वतः निवडलेली पहिलीच आहे. सोमवारी मला गुंगीचे औषध देतील, त्याआधी मला तुझे उत्तर ऐकायचे आहे. लवकर कळव, बाळा. फोन आजीच्या हातात आहे.