आपल्याच गोधडीसाठी रांगेत

प्रिय श्रीधरा,

घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. हे आधीच लिहून टाकतो, कारण कुणाचंही पत्र आलं की माझ्या मनात वाईटच येतं. अक्षर वाकडं आहे ते थंडीमुळे. थोडं कमी शिकल्यामुळेही असेल. पंतोजींनी मला अर्ध्यातूनच घरी धाडलं होतं, हे तुला ठाऊक आहे.

मार्गशीर्षातल्या दशमीला तुझे सासरे अनंतपंत वाईहून आले, बरोबर तुझ्या सासूबाई. तीन दिवस राहू म्हणाले. मला आनंद झाला, पण तो पाय धुण्यापुरताच टिकला. पायावर पाणी घेता घेता ते म्हणाले, "आनंदीला घेऊन जावं म्हणतो. जावई दीड वर्ष उत्तरेत फौजेबरोबर. साधं पत्र तरी येतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "येतं तर! दर महिन्याला येतं." "मग शेवटचं दाखवा." मी म्हटलं, पेटीत आहे आणि किल्ली हिच्याकडे आहे. तुझी आई आतून म्हणाली, "अहो, किल्ली तुमच्याच जानव्याला आहे." चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदा तरी माझ्या बाजूने खोटं बोलेल, अशी मला आशा होती.

तुझं शेवटचं पत्र आषाढातलं. पाच ओळी. घोड्याचा पाय दुखावला, तूप महाग झालं, पाऊस फार आहे, दोन धोतरं पाठवा, सर्वांस नमस्कार. पत्रात बायकोचं नाव घालायची रीत नाही, कबूल. पण घोड्याबद्दल तू दोनदा लिहिलं होतंस. ते पत्र अनंतपंतांच्या हाती पडलं असतं, तर आनंदी त्याच दिवशी बैलगाडीत बसली असती. ती गेली की या घरात मी आणि तुझी आई उरणार, आणि आमच्यात बोलायचं काय होतं ते बोलून झालं आहे. म्हणून सगळ्यांची पाठ वळताच मी ते पत्र पेटीतून काढून एका जुन्या गोधडीच्या उसवलेल्या शिवणीत सारलं आणि गोधडी बिछान्यांच्या तळाशी दडपली. किल्ली हरवली, असं सांगितलं. जानव्याची गाठ सोडून ती खरोखरच हौदात टाकली. आता ती खरंच हरवली आहे.

यंदा थंडी अशी, की घाटावर निजणाऱ्या दोन माणसांची सकाळ झालीच नाही. म्हणून शनिवार पेठेत ठरलं, घरटी एक पांघरूण द्यायचं. मारुतीच्या देवळातले श्यामभट दुसऱ्या दिवशी दारोदार आले. मी तेव्हा अनंतपंतांना चुकवायला परसात लाकडं मोजत होतो. परत आलो तर तुझ्या आईने गोधडी देऊन टाकलेली, तुळशीपत्र ठेवून, उदक सोडून. कुठली, म्हणून विचारलं. "ती तळाची, उसवलेली. पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखी नव्हती."

मी तसाच मारुतीच्या देवळात धावलो. ढीग माझ्या उंचीचा होता. श्यामभटांना म्हटलं, "नुसता हात घालू द्या हो, आत माझा कागद राहिलाय." ते म्हणाले, "उदक सोडलेल्या वस्तूत पुन्हा हात? दिलेलं परत घेणारे म्हणून पेठेत नाव काढायचंय का? उद्या सकाळी घाटावर वाटप आहे. आपण एवढे गरजू असाल तर रांगेत बसावं." त्यांनी ते टोचून म्हटलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी तरीही बसलो.

सकाळी डोक्यावरून उपरणं घेऊन मी रांगेत चौथा होतो. माझ्यापुढे मांजरी गावची सोजरबाई म्हणून एक म्हातारी होती. आपली गोधडी मी लांबूनच ओळखली. तिला तुझ्या आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे. ती नेमकी सोजरबाईला मिळाली आणि माझ्या हातात कुणाचं तरी घोंगडं आलं, तेही चांगलं. अदलाबदल कर, म्हणून मी तिच्या विनवण्या करत होतो आणि ती म्हणत होती, "तुमचं बरं हाय की आजोबा, नवं हाय, कशाला रडता?" तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. अनंतपंत! स्नानाला आले होते, मागे सासूबाई आणि आनंदी. "व्याहीबुवा," ते हळूच म्हणाले, "एवढी ओढाताण आहे, तर कळवायचं होतंत." सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी घोंगडं पाठीमागे लपवायला गेलो आणि सोजरबाईने गोधडी झटकली. कागद अनंतपंतांच्या पायाशी पडला.

त्यांनी तो उघडला आणि घाटावर उभ्याउभ्या मोठ्याने वाचला. घोडा, तूप, पाऊस, धोतरं. मग मिती वाचली आणि म्हणाले, "आषाढ. नंतरची पाच पत्रं?"

श्रीधरा, नंतरची पाच पत्रं मी लिहिली नाहीत, नुसती वाचली. दर महिन्याला हाच कागद समोर धरायचो आणि आनंदी दाराआड बसून ऐकायची. त्यात तू तिच्या खोकल्याची चौकशी करायचास. जाईला कळ्या आल्या का, विचारायचास. भाद्रपदात तर तू एक लढाई जिंकलीस.

हे सगळं मी तिथेच कबूल केलं. तेव्हा आनंदी वडिलांना म्हणाली, "मला ठाऊक होतं, बाबा. माझा खोकला तिकडे कसा कळणार? आणि मामंजी वाचताना डोळे मिटून घेतात." अनंतपंत म्हणाले, "मग ऐकत का बसलीस?" ती म्हणाली, "ते थांबले असते तर मला रडू आलं असतं."

अनंतपंतांनी माझ्या हातातलं घोंगडं घेऊन सोजरबाईला गोधडीवर पांघरलं आणि आम्ही सगळे घरी आलो. काल ते वाईला गेले. आनंदी इथेच आहे, पण पाडव्यापर्यंतच. तोवर तुझ्या हातचं पत्र आलं तर ती राहील, नाहीतर गाडी येईल. आणि पत्र श्यामभट वाचतील, मी नाही, असंही ठरलं.

हा जासूद मुद्दाम तुझ्याकडे धाडतो आहे. त्याला उत्तर घेतल्याशिवाय हलू नको, असं बजावलं आहे. लिहिशील तेव्हा तिचं नाव घाल, रीत गेली खड्ड्यात. पण खरं सांगू? गाडीची भीती मी सगळ्यांना बोलून दाखवतो. दुसरी भीती आहे, ती तुझ्या आईजवळही बोललेलो नाही. म्हणूनच दर महिन्याला वाचायचो. वाचत होतो तोवर तू तिकडे लिहीत होतास. लिहायला काही सुचलं नाही, हाताला लागलं असेल, माझा राग आला असेल, तरी चालेल. कागदावर नुसतं तुझं नाव लिहून पाठव. तुझं अक्षर मला वाचता येतं.

तुझाच, पाडव्यापर्यंत रोज वेशीशी जाऊन उभा राहणारा,
आप्पा