आधी बाबा खाकरतात

प्रिय ढापण्या,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तू नुसतं ‘हॅलो’ म्हणालास तरी मला धस्स होतं, आणि मग आपण हवापाण्याचं बोलत बसतो.

बाबांनी दवाखान्यासाठी लिहिलेला, नंबर पुकारणारा प्रोग्रॅम आता माझ्या गळ्यात पडलाय. काय माणूस होता! ‘पुकार’ नावाची मेथड, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, त्यांनी तीनदा लिहिलीय. नुसता नंबर दिला तर ती ठणकावून पुकारते, सोबत नाव दिलं तर अदबीनं, आणि लहान मुलाचं वयही दिलं तर अगदी हळू. नाव एकच, हातात काय ठेवाल तसं बोलणं. घरीही तसेच होते ना? आईशी एक, माझ्याशी दुसरं, आणि तुझ्याशी नुसतं खाकरणं.

ते खाकरणंच मानगुटीवर बसलंय रे. दवाखान्यातल्या प्रत्येक खिडकीचा क्लास, म्हणजे तिचा कोडमधला साचा, बाबांच्या मूळ क्लासचा वारसा घेतो. सकाळी खिडकी सुरू झाली की तिचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे तिला उभी करणारा कोड, चालतो, पण त्याच्याही आधी मूळ क्लासचा. त्यात बाबांनी स्पीकर तपासायला स्वतःचं खाकरणं घातलं होतं, ते काढायचं राहून गेलं. मूळ क्लासला हात लावला तर सगळंच कोसळेल, या भीतीनं नंतर कुणी काढलंही नाही. त्यामुळे रोज रिकाम्या दालनात एकेक खिडकी उघडते आणि आधी बाबा खाकरतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चटकन मागे वळून बघितलं.

आईला कुठून कळलं देव जाणे. आता रोज माझ्याबरोबर येऊन बाकावर बसते. कुणी विचारलं तर म्हणते, गुडघा दुखतो. शेवटची खिडकी उघडली की घरी जाऊन दोन कप चहा टाकते. मी ते खाकरणं मोबाइलवर घेऊन तिला ऐकवलं, तर म्हणाली, हे नको, तिथे ते कामावर असतात.

सोमवारी नवा प्रोग्रॅम येतोय. बाबांचा क्लास मलाच पुसायचाय, आणि आईला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. मागे दारात तू खाकरलास, आई ‘आलात?’ म्हणत धावली आणि तुला बघून जागच्या जागी थिजली. त्यानंतर तू उंबरठा चढला नाहीस. तरी सोमवारच्या आत ये. दारात मुद्दाम गप्प राहू नकोस, खाकर. ती धावत येईल, पुन्हा थिजेल. या वेळी मात्र पळू नकोस, बाबा.

तुझीच,
ताई